निम्म्या रोपांचं मरण

१

रोपं मेली म्हणून कुणी माणसाचा हात मोडतं का? इथे मोडला होता. ढोबळ्या मिरचीची रोपं न्यायला आलेल्या बागायतदारांनी काचघराचं दार उघडलं, ट्रेमागून ट्रे करपलेले पाहिले, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "हिच्या पंपात तणनाशक सापडलंय!" पुढचं काही कुणी ठरवून केलं नाही. गर्दी कधी ठरवत नाहीच. काचघर सांभाळणाऱ्या मावशी खाली पडल्या, कुणाचा तरी बूट त्यांच्या उजव्या हातावर पडला, आणि वर्षानुवर्षं मिटल्या कळीतून पुंकेसर अलगद उपटणारी ती बोटं मोडली.

मावशी आता इस्पितळात होत्या. दाराशी हवालदार बसला होता. आणि बीजकेंद्रात सगळे जण एकमेकांची नजर चुकवत चहा पीत होते.

बियाण्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या, तेव्हा केंद्राचा कारभार पाहणारे जावईबापू फाटकातच उभे होते. हा वाण ज्यांनी तयार केला त्या सरांचे ते जावई. हुद्दा व्यवस्थापकाचा, पण अख्खं केंद्र त्यांना जावईबापूच म्हणे, आणि त्यांना ते अजिबात खपत नसे.

"मॅडम, प्रकरण सरळ आहे," ते चालता चालता म्हणाले. "मावशींना कायम करायला मी नकार दिला. त्यांनी डूख धरला. रोपं विषानं मेली एवढं तुम्ही लिहून द्या, पुढचं पोलीस बघतील."

"इतकं सरळ आहे तर मला कशाला बोलावलंत?"

"मी कुठे बोलावलं? सासऱ्यांनीच हट्ट धरला. म्हणाले, आली तर तीच यायला हवी."

बाईंना ते ऐकून बरं वाटलं. सर त्यांचे गुरू होते. ते शिकवत तेव्हा 'शंकेखोर' म्हणून त्यांना चिडवत, आणि सगळ्या वर्गात प्रश्न विचारायची मुभा फक्त त्यांनाच देत.

काचघर थंड होतं. रोपं उगवणीच्या गरम खोलीत वाढवायची आणि बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून काही दिवस इथे आणून ठेवायची, अशी पद्धत. तारेच्या जाळीच्या लांबच लांब टेबलांवर ट्रे मांडलेले. जाळीखाली तण माजलेलं. बाईंच्या घोट्यांना ते ओलं ओलं लागत होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ट्रेवर वाकल्या.

एक रोप मेलेलं. शेंडा काळा, पानांवर भाजल्यासारखे डाग, देठ लुळा. त्याच्या शेजारचं रोप हिरवंगार. त्यापुढची दोन मेलेली, मग एक जिवंत, मग पुन्हा एक मेलेलं. बाई पुढच्या ट्रेकडे गेल्या, मग त्याच्या पुढच्या. कडेला काय, मध्ये काय, सगळीकडे तेच. साधारण निम्मी मेलेली आणि निम्मी ठणठणीत, एकमेकांच्या अंगाला अंग लावून.

"फवारा मारला तर शेजाऱ्याला सोडून कसा लागेल?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. जावईबापूंनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

२

सर आले ते काठी टेकत. त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला, तसा ते नेहमीच ठेवत, आणि मग ट्रेकडे न बघता म्हणाले, "बघितलंस काय केलं ते?"

"सर, निम्मीच का मेली?"

"घाईत मारला असेल फवारा. जिथे थेंब पडला तिथे मेलं."

"आणि हे रोपातच काही असेल तर? संकर जमला नाही, असं?"

सर हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "शंकेखोर, हा संकर गेल्या हंगामात याच काचघरात, याच थंडीत जगला. ती बघ त्याची आई." पलीकडच्या टेबलावर मातृवाणाची रोपं टवटवीत उभी होती. "बापही माझ्या कुलूपबंद खोलीत ठणठणीत आहे. दोन्ही तेच, मग पोरं एकदम मरायला लागली ती कशानं? विषानंच."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. पण बाईंच्या मनात दुसरंच काहीतरी हललं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची दोन बाळं गेली होती, एकामागून एक, पाळण्यात असतानाच. सासरचे म्हणत होते हिनंच काहीतरी हयगय केली; नवरा गप्प होता, आणि ते गप्प राहणं सगळ्यात वाईट होतं. तेव्हा याच सरांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावून मरत चाललेला एक ट्रे दाखवला होता. "याची आई चांगली, बापही चांगला," ते म्हणाले होते. "दोघांकडे एकेक गोष्ट अशी, की एकेकटी असली तर बिनघोर आणि एकत्र आली की जीवघेणी. यात कुणाचा दोष नसतो, पोरी." त्या एका वाक्याच्या आधारावर बाई पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यात दुसरं कुणी इतकं देऊन गेलं नव्हतं.

मग आज हेच सर संकराचा शब्दही काढू देत नाहीत, असं का?

३

शीतगृह सांभाळणाऱ्या माणसाला सगळे गारठ्या म्हणत. बारा महिने अंगात स्वेटर आणि नाक लाल. मावशींचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. शीतगृहाचं दार उघडं टाकतो म्हणून मावशींनी एकदा त्याची तक्रार केली होती.

"पंप तुम्हीच उघडलात?" बाईंनी विचारलं.

"मीच. पण मी काही शोधायला गेलो नव्हतो, बाई. सर म्हणाले पंप धुऊन ठेव, म्हणून झाकण काढलं, तर वास. मी म्हटलं, मेलो! ओरडलो. मला काय माहीत लोक असे धावून जातील?" त्याने नाक पुसलं. "भांडण होतं आमचं. पण हात मोडावा असं नव्हतं हो."

"या वाणाचं बी तुमच्याच शीतगृहात असतं ना? आई आणि बाप, दोन्ही?"

"आई माझ्याकडे. बाप?" गारठ्या खुदकन हसला. "बाप कुणी बघितलाय? सर कुणाच्या हाती लागू देतील तर शपथ. म्हणतात, शीतगृहात ठेवलं की किल्ली दुसऱ्याच्या कंबरेला."

बाई पुन्हा काचघरात आल्या आणि या खेपेला सरळ टेबलाखाली वाकल्या. मघाशी घोट्याला लागलेलं तण त्यांनी मुठीत धरलं. ओलं, कोवळं, पोपटी. टेबल जाळीचं, वर ओतलेलं सगळं थेंब थेंब खालीच येणार. मिरचीचं रोप मारणाऱ्या तणनाशकानं तण तेवढं जगवलं म्हणायचं!

म्हणजे पंपात तणनाशक होतं, पण ते या टेबलांवर कधी मारलंच नव्हतं. रोपं मेल्यानंतर कुणीतरी ते पंपात ओतलं होतं.

उठताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. उगवणीच्या खोलीकडे जाणारा गरम पाण्याचा पाइप तिथून जात होता, आणि त्याला खेटून एकच ट्रे होता. त्यात एकही रोप मेलेलं नव्हतं.

४

बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. पाइपाजवळच्या ट्रेचे काही कप्पे रोपांसकट कापून त्यांनी थंड टेबलावर ठेवले, आणि अंगावर पहिले डाग दिसू लागलेली काही रोपं पाइपाजवळ नेली. मग त्या इस्पितळात गेल्या.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, बोटांची टोकं सुजून काळीनिळी. बाई स्टूल ओढून बसल्या तरी त्या वळल्या नाहीत.

"मी विष घातलं नाही," त्या भिंतीला म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

आता मात्र त्या वळल्या. "मग मेली कशानं? त्या दिवशी पाणी जरा जास्त झालं का माझ्याकडून? का दार उघडं राहिलं? सारखी आठवतेय मी. काहीतरी माझ्याच हातून झालं असेल."

हेच वाक्य बाईंनी कितीतरी रात्री छताकडे बघत म्हटलं होतं.

"मावशी, या बियाण्याचा संकर तुम्हीच केलात ना? पराग कोण देत होतं?"

"सर. दरवर्षी तेच देतात. काचेच्या नळीत, छातीच्या खिशातून. आम्ही कळीतले पुंकेसर काढून ठेवायचे आणि त्या नळीतला पराग लावायचा. आम्हाला फक्त आई माहीत." सुजलेल्या ओठांवर जरासं हसू आलं. "नळी देताना म्हणायचे, घ्या, नवरदेव आला. दरवर्षी तोच विनोद. आम्हीही दरवर्षी हसायचो."

"आणि या वेळी?"

मावशी विचारात पडल्या. "या वेळी तसं काही म्हणाले नाहीत. नळी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील."

५

बाईंनी काही आठवडे वाट पाहिली. जावईबापू रोज विचारत, "झालं का लिहून?" आणि बाई रोज म्हणत, "रोपांना विचारतेय." त्यावर ते हातातल्या किल्ल्या वाजवत निघून जात.

मग एका सकाळी रोपांनी उत्तर दिलं. थंडीत आणलेल्या निरोगी रोपांपैकी निम्म्यांचे शेंडे काळे पडले होते. आणि पाइपाजवळ नेलेल्या आजारी रोपांना करपलेल्या पानांच्या मधून स्वच्छ, नवीन पान फुटलं होतं.

बाईंनी जावईबापूंना बोलावून ते पान दाखवलं. "विष खाल्लेलं रोप ऊब मिळाली म्हणून बरं होतं का?"

"मग हे काय आहे?"

"झाडालाही राखणदार असतात. रोग आला की धावून जाणारे. यातला एक आईकडून आलाय, दुसरा बापाकडून. एकेकटे दोघंही शहाणे. एकत्र आले की घरच्याच माणसांना चोर समजून झोडपत सुटतात, आणि रोप स्वतःलाच जाळून घेतं. उबेत ते गप्प असतात, थंडी पडली की चवताळतात."

"पण गेल्या वर्षी तर..."

"गेल्या वर्षी बाप दुसरा होता."

जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला. बाई थांबल्या नाहीत. "आणि निम्मीच का मेली, ते ऐका. मुरलेला, पक्का वाण असता तर तो राखणदार प्रत्येक पोराला मिळाला असता आणि सगळीच मेली असती. निम्मी जगली, म्हणजे बापाकडे ती गोष्ट एकेरीच होती, निम्म्याच परागकणांत उतरणारी. तयार होत असलेला, अर्धाकच्चा वाण. जंगली मिरचीचा रोगप्रतिकार कुणीतरी जुन्या बापात उतरवत होतं. असं काम इथे कोण करतं?"

"बापाची झाडं असतात त्या खोलीची किल्लीसुद्धा मला कधी मिळाली नाही," जावईबापू इतकंच म्हणाले. कारभारी असूनही नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाईंना पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

एक प्रश्न उरला होता. हाताशी खरा बाप असताना कुणी अर्धाकच्चा कशाला वापरेल?

६

सरांच्या घरी काकू एकट्याच होत्या. खिडकीशी बसून सदऱ्याला बटण लावत होत्या. बाईंना पाहून त्यांनी खुर्ची पुसली आणि चहा करून दिला.

"आत खूप उबदार आहे हो, काकू."

"यांच्या गुडघ्यांसाठी. गेल्या थंडीआधी झोपायच्या खोलीत गरम पाण्याचा पाइप घालून घेतला, यांच्या कपाटामागून. तेव्हापासून जरा झोप लागते बिचाऱ्यांना." काकूंनी शेजारचा पत्र्याचा डबा उघडून त्यात बोट फिरवलं. लहान, घट्ट झाकणाचा डबा. बटणं खुळखुळली.

बाईंनी तो डबा ओळखला. विद्यार्थी असताना त्यांनी तो सरांच्या टेबलावर पाहिला होता, आणि हात लावू गेल्या म्हणून बोलणीही खाल्ली होती.

"हा डबा तुम्हाला कधी दिला त्यांनी?"

"हा ना? मलाच नवल वाटलं. एवढा संसार झाला आमचा, पण कधी झाकणाला बोट लावू दिलं नाही. आणि पाइप घातल्यावर पुढच्या पेरणीच्या वेळी एक दिवस म्हणाले, घे, तुझी बटणं ठेव यात. डोळे पुसत होते. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, धूळ गेली."

बाईंनी उरलेला चहा प्यायला. काकूंना वाईट वाटू नये म्हणून तो संपवावाच लागला.

बापाच्या खोलीचं कुलूप उघडं होतं. सर आत स्टुलावर बसले होते, समोर मिरचीची झाडं, निरोगी, फुलांवर आलेली. दिसायला अगदी जुन्या बापासारखी.

"सर, त्या डब्यातले, जुन्या बापाच्या बियाण्याचे चार दाणे द्या मला."

सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "उगवलं नाही. एकही दाणा उगवला नाही. कपाटात भाजून निघालं सगळं." त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा झाला. "ही झाडं त्याची सख्खी भावंडंच. किती पिढ्या पुन्हा पुन्हा जुन्या बापाशीच संकर करून घडवली. रोगाला टिकतील तेवढीच ठेवली. वाटलं, कुणाला कळणार? आणि मग पहिला डाग दिसला. मी बघताक्षणी ओळखला."

"आणि पंप भरलात. आणि गारठ्याला तो धुवायला पाठवलंत."

"लोक हात टाकतील असं वाटलं नव्हतं! मावशीची नोकरी जाईल, फार तर. तिला दुसरीकडे मिळाली असती. माझ्याकडे या वाणाशिवाय काय आहे? बाप मेला म्हणून सांगितलं असतं तर मी काय उरलो असतो?" त्यांनी मान वर केली. "तुला बोलावलं, कारण तू माझा शब्द मोडणार नाहीस असं वाटलं."

हे सगळ्यात जास्त लागलं. बाईंना संताप आला, आणि रडूही आलं, आणि दोन्हींपैकी काही त्यांनी लपवलं नाही.

"सर, निम्मी रोपं जगली. म्हणजे तुमच्या निम्म्या परागात तो राखणदार नव्हताच. याच झाडांचं स्वतःचं बी धरलं असतं, आणि रोगाला न टिकणारी निवडली असती, तर तुमचा जुना बाप जवळजवळ जसाच्या तसा परत आला असता. फक्त खरं बोलायचं होतं."

हे सरांना सुचलंच नव्हतं. हेच शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना भीतीपोटी एवढं सुचलं नव्हतं.

"अजून करता येईल," ते घाईघाईने म्हणाले. "अजून फुलं आहेत..."

"कुणाच्या बोटांनी?" बाईंनी विचारलं. "चला, काठी घ्या."

७

इस्पितळाच्या दाराशी हवालदार अदबीनं उठून उभा राहिला. सरांना सगळं गाव ओळखत होतं. सर उंबऱ्यातच थांबले. बाई आत गेल्या.

मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. प्लास्टर काढलं होतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणायचा त्या प्रयत्न करत होत्या. दोन्ही बोटं वाकडी वाकडी जवळ येत आणि एकमेकांना चुकवून पुढे जात.

"कळलं का कशानं मेली?" त्यांनी हाताकडेच बघत विचारलं.

"कळलं. आई चांगली होती, मावशी, आणि बापही चांगला होता. दोघांचं मिळून जे झालं ते जगणारं नव्हतं. पाणी जास्त झालं नव्हतं. दार उघडं नव्हतं. त्यात कुणाचा दोष नव्हता."

मावशींनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले, आणि त्या हुंदके देऊन रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं.

"रोपं कुणीच मारली नाहीत," बाई जरा वेळाने म्हणाल्या, आणि आता त्यांनी आवाज चढवला, दाराबाहेर जाईल इतका. "तुमच्या हाताचं तसं नाही. पंपात विष कुणी घातलं ते ठाऊक आहे मला. तो दाराशी उभा आहे. तोच सांगेल."

हवालदार सरांसाठी खुर्ची पुढे करत होता. त्याचा हात तसाच थांबला.